पांढरं पांढरं दिसलं पाहिजे

३ नोव्हेंबर, सोमवार
कॉम्प्युटर आज तिसऱ्यांदा गेला. आधी निळा पडदा, त्यावर इंग्रजीत चार ओळी, मग सगळं काळं. बाबांनी सीपीयूच्या डब्याला थापड मारली, अडून बसलेल्या म्हशीला मारतात तशी. चालू झाला. पाच मिनिटांनी परत गेला. मार्डी गावातल्या लग्नाचा अल्बम अर्धा झाला होता. किती वाचला ते देव जाणे, आणि आमच्यात देव नाही.
बाबा म्हणाले, "आता नवा घ्याच लागते."
आई म्हणाली, "घ्या मंग."
मला तिकडून, सासरहून, येऊन परवा अकरा महिने होतील. अकरा महिने इथे मारेगावात, बाबांच्या फोटो स्टुडिओत बसते. पासपोर्ट फोटो कापते, अल्बमची पानं लावते. कोणी खोदून विचारलं तर आई सांगते, "बापाच्या मदतीले आली." सहा महिन्यांनी लोकांनी विचारणं सोडलं. बरं झालं.

५ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर यादी केली. रॅम भरपूर, एसएसडी, ग्राफिक कार्ड मध्यम, आपण काही सिनेमा कापत नाही. स्क्रीन आयपीएस, म्हणजे बाजूने बसून पाहिलं तरी रंग बदलत नाही. चोवीस इंची की सत्तावीस? आधी टेबल मोजायला हवं.
बाबांना वाचून दाखवली. अर्धी ऐकली.
"थे तुहं रॅमबिम तू पाह्य. स्क्रीन मी पाहीन. पांढरं पांढरं दिसलं पाहिजे."
हा त्यांचा एकुलता एक नियम. आमच्या लग्नांत नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, मागे पंचशीलाचा झेंडा. पांढरं फसलं की लगन फसलं, असं बाबा तीस वर्षं म्हणतात. मारेगाव, वणी, झरी, कुठेही आपल्या लोकांत लग्न असलं की याच पांढऱ्यासाठी बाबांना बोलावणं येतं. दुसऱ्यांच्या अल्बमात साड्या राखाडी येतात, बाबांच्या अल्बमात धुतल्यासारख्या.
मी लॅपटॉप सुचवून पाहिला. "लॅपटॉप काहून?" म्हणाले. काय सांगू. लॅपटॉप उचलून निघून जाता येतं म्हणून. कुठे, ते मलाही माहीत नाही.
टेबल मोजलं. सत्तावीस बसत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
यवतमाळ. सकाळच्या यष्टीने गेलो, करंजीला गाडी अर्धा तास उभी. बाबांनी पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात ठेवला होता, दर दहा मिनिटांनी चाचपत होते.
दुकानात सहा स्क्रीन ओळीने, सगळ्यांवर एकच पोपट. दुकानदार पोरगेलासा, बोलायला गोड. बाबा म्हणाले, "पोपट कुठल्याही टीव्हीत हिरवाच दिसते. नवरी लावा." पेनड्राइव्ह काढून दिला. सहा स्क्रीनवर सहा वेळा मार्डीची नवरी उभी राहिली, पांढऱ्या साडीत, हातात मेणबत्ती.
पहिली स्क्रीन: "पिवळी हाये."
दुसरी: "पिवळी."
तिसरी चष्मा काढून पाहिली, मग चष्मा लावून. पिवळी. सहावीपर्यंत पोचेस्तोवर दुकानदाराचा गोडवा संपत आला होता. तो हसून म्हणाला, "काका, कावीळ झालेल्याले सारं पिवळं दिसते म्हणते. तशातली गोष्ट नाही ना?"
बाबा हसले नाहीत. मला साडी निळसर दिसत होती. सगळ्या सहा स्क्रीनवर, कमीजास्त. मी म्हटलं, "बाबा, निळं दिसून राह्यलं."
"तुले काय समजते."
नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात म्हटलं आणि सोडून दिलं. मीही तिकडून येताना चष्मा तिथेच विसरून आले होते, नवा केला तो वणीत घाईघाईत केलेला. म्हणजे माझाही भरवसा नाही.
शेवटी दुकानदाराने चौथ्या स्क्रीनच्या मागचं बटण दाबून रंग थंडाकडे, म्हणजे निळ्याकडे नेला, आणखी थंड, पार टोकाला. नवरी बर्फात गाडून ठेवल्यासारखी झाली. बाबा म्हणाले, "हां. हे खरं पांढरं."
तीच घेतली. कॉम्प्युटर माझ्या यादीप्रमाणे जोडून दोन दिवसांत पाठवतो म्हणाला.
येताना बाबा खिडकीशी झोपले. मी बाहेर बघत बसले. कापूस वेचणं चालू होतं. काही विशेष नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
कॉम्प्युटर आला. जोडला. लगेच चालू झाला, आवाज नाही, काही नाही. बाबा दोनदा विचारून गेले, "चालू हाये ना?"
जुन्या हार्डडिस्कवरचं सगळं नव्यात घेणं मला सांगितलं. वर्षांचे फोल्डर, त्यात गावांचे, त्यात माणसांचे. दिवसभर कॉपीच्या हिरव्या पट्टीकडे बघत बसले.
सहा वर्षांपूर्वीच्या फोल्डरात एक होता: सुजाता_बायोडाटा_फायनल. तोही गेला बाकीच्यांबरोबर. उघडला नाही.
लिहूनच टाकते, या वहीत नाही तर कुठे. लग्नासाठी माझा फोटो बाबांनीच काढला, स्टुडिओत, अशोक विजयादशमीला घेतलेल्या पांढऱ्या ड्रेसवर. त्यांनीच तयार केला आणि मोबाइलवरून मध्यस्थाला पाठवला. फोटोत मी गोरी. नुसती उजळ नाही, गोरी. पाहायला आले ते दिवे लागल्यावर, ट्यूबलाइटखाली, अर्धा तास. लग्नानंतर चौथ्या दिवशी सकाळी त्याने मोबाइल माझ्या तोंडाजवळ धरला. मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत मोबाइलकडे. मग म्हणाला, "तुया बापानं फसवलं आम्हाले." पाच वर्षांत बाकी पुष्कळ झालं, पण सुरुवात इथून. सासूबाई पाहुण्यांना तो फोटो दाखवायच्या आणि विचारायच्या, "हे पोरगी कोठी हाये, सांगा बरं?"
त्यांचं मी सहन केलं, नाही केलं, जे झालं ते झालं. मला लागलं ते वेगळंच. बाबांनी मला गोरी केलं. बायोडाटाच्या पोरी आमच्या स्टुडिओत येतात, त्यांच्या आया म्हणतात थोडं उजळ करा, आणि बाबा त्यांना हाकलून लावतात. "हाये तशी चांगली हाये तुमची पोरगी." मी लहानपणापासून हे ऐकत आले. आणि स्वतःच्या पोरीच्या वेळेला.
आईबाबांना मी कारण सांगितलेलं नाही. पटत नाही, एवढंच सांगितलं. बाबांना विचारलेलंही नाही. विचारलं आणि ते "हो" म्हणाले तर या स्टुडिओत, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, मला बसता येणार नाही. दुसरी खुर्ची मला कुठे नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
स्क्रीनवरून लढाई. या स्क्रीनमध्ये एक मोड आहे, त्यात सगळे रंग कंपनीने ठरवून दिलेले, आपण हात लावायचा नाही. मी तो लावला. सकाळी बाबांनी बदलून थंड केला. दुपारी ते जेवायला गेले की मी परत ठरलेला लावला. चारला येऊन ते म्हणाले, "कोणं पिवळी केली?" जसं काही मांजर येऊन करून गेलं.
मार्डीचा अल्बम मी घेतला. डेडलाइन आहे म्हटलं, तुम्ही पासपोर्ट बघा. ऐकलं. अलीकडे माझं पटकन ऐकतात. मी रडेन असं त्यांना वाटत असावं. रडू येत नाही, पण सांगायला कोण जाईल.

१६ नोव्हेंबर, रविवार
मार्डीचा अल्बम पूर्ण केला, ठरलेल्या मोडवर. साडी पांढरी ठेवली, चेहरे होते तसे. नागपूरच्या लॅबला फाइल पाठवली. काम चांगलं झालं असावं. पूर्वी असं काही झालं की बरं वाटायचं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
काही नाही. वकिलाचा फोन येऊन गेला, घटस्फोटाच्या संमतीचे कागद तयार आहेत, कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? मतभेद लिहा म्हटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
अल्बम आला. उघडला. साडी पिवळी. चेहरे पिवळे. पंचशीलाच्या झेंड्यातला पांढरा पट्टा पिवळ्याशी जुळा भाऊ झालेला. सगळं लग्न हळदीच्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखं.
तेवढ्यात नवरीचा भाऊ न्यायला आलाच. पानं उलटली. "ताई, आमची पोरगी बिमार दिसून राह्यली याच्यात."
बाबा काउंटरवरच होते. ते अल्बमवर वाकले, पानाला नाक लावून पाहिलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगतलं होतं तुले. पिवळी स्क्रीन हाये म्हणून."
मी माफी मागितली, आठ दिवसांत दुसरा देते म्हटलं. तो चांगला माणूस, गेला.
म्हणजे मीच चुकले. सगळ्यांना मीच चुकीची दिसते, त्याअर्थी असेन.

२२ नोव्हेंबर, शनिवार
लॅबला फोन केला. तिथला ऑपरेटर दादा ओळखीचा, आवाजाने. माझी फाइल पिवळी होती का विचारलं.
"नाही ना ताई, फाइल बराबर होती. मलेच वाटलं, यावेळेस पिवळं काहून होऊन राह्यलं."
म्हटलं, होऊन राह्यलं म्हणजे?
त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "भाऊले, तुमच्या बाबाले, सांगू नका. भाऊच्या फायली निळ्या येते. आम्ही इकडून पिवळं टाकतो. सेटिंगच करून ठेवली हाये, मारेगाव नावाची. तुमची फाइल आली की आपोआप लागते."
"केव्हापासून?"
"मी इथं लागलो त्याले सात वर्षं झाले. माह्या आधीच्यानंच सांगतलं होतं. मारेगाववाला भाऊ भला माणूस हाये, त्याले बोलायचं नाही, चुपचाप पिवळं टाकायचं."
फोन ठेवला. एका माणसाचं निळं आणि दुसऱ्याचं पिवळं मिळून इतकी वर्षं चार तालुक्यांत पांढरं होत होतं. हसायला हवं होतं.
नंतर फ्रेमांची फळी पुसायला घेतली. कोळशाचे ट्रक जातात त्यामुळे फळीवर रोज काजळी बसते, दोनदा पुसावी लागते. पुसता पुसता लक्षात आलं. माझा फोटो लॅबला गेलाच नव्हता. तो मोबाइलवरून गेला होता. त्यावर पिवळं टाकायला मधे कोणी नव्हतं.
बराच वेळ तीच फळी पुसत होते. आई म्हणाली, "झिजवते काय?"

२३ नोव्हेंबर, रविवार
फोल्डर उघडला. आत दोन फोटो, एक कॅमेऱ्यातला, एक फायनल. शेजारी शेजारी लावले. फायनलमध्ये भिंत निळी, ड्रेस निळा, डोळ्यांतला पांढरा भाग निळा. मी निळसर गोरी. सगळंच उचललेलं, उजळलेलं आहे. भिंतीला गोरी करून बाबांना काय मिळणार?
पण गालांवर जरा जास्त वाटतं. एकदा वाटतं जास्त आहे, एकदा वाटतं माझंच डोकं. माउसने रंगाचा आकडा तपासता येतो. भिंतीचा किती सरकला, गालाचा किती. गालाचा जास्त निघाला तर मुद्दाम केलेलं. दोन मिनिटांचं काम. नाही केलं.
हे जुन्या स्क्रीनमुळेही झालं असेल. ती जुनी होऊन पिवळी पडली असेल, बाबा निळं टाकत गेले असतील. पण मग यवतमाळच्या दुकानातल्या सहा नव्या स्क्रीन?

२४ नोव्हेंबर, सोमवार
आईला विचारलं. ती वांगी चिरत होती. म्हटलं, माझ्या लग्नाचा फोटो बाबांनी गोरा केला होता का?
तिचा हात थांबला. "कोण म्हणे?"
"कोणी नाही. मीच विचारून राह्यली."
ती वांगं पाण्यात टाकून म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यायले. जराशी उजळ करा म्हटलं, जमाना तसा हाये. चिडले मायावर. म्हणे काही गरज नाही, माही पोरगी काही मिटवायची चीज हाये काय." मग पुढचं वांगं उचलून, खाली बघून, "अन् मंग पाठवला तं उजळच दिसला. मले वाटलं, केलं बिचाऱ्यानं मायासाठी. मी काही बोलली नाही."
सहा वर्षं तिलाही वाटत होतं तिच्यामुळे झालं. घरात तीन माणसं आणि तिघांनी तीन दिशांना तोंड करून बसायचं. मी तिला काही सांगितलं नाही. वांग्याची भाजी चांगली झाली होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार
सहा डिसेंबरसाठी आईने बाबांची पांढरी कुडती काढून ठेवली. बाबा म्हणाले, "पिवळी पडली. नीळ टाक."
आई म्हणाली, "आता किती नीळ टाकू? मागच्या वर्षी विहारातल्या बाया हसल्या, दादाची कुडती पोलिसाची हाये काय म्हणे."
मी कुडती हातात घेऊन उजेडात नेली. निळी. आकाशी म्हणावी इतकी निळी. बाबा माझ्या शेजारी उभे, चष्मा कपाळावर. म्हटलं, "बाबा, ही कोणत्या रंगाची आहे?"
"पिवळट."
आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आईला वाटलं हट्ट करून राहिले. मला कळलं. स्क्रीन नाही, नवी नाही, जुनी नाही. डोळा. नाही कळलं असं म्हणायची सोय राहिली नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
बाबांना डोळे दाखवायला वणीला नेलं. यायला तयार नव्हते. "मी फोटोग्राफर हाये, मले डोळ्याचं सांगते काय?" आईने सांगितलं, "नाही गेले तं नीळ टाकणार नाही." त्यावर गेले.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलेला. डॉक्टरीण बाई शांत, नीट समजावून सांगत होत्या. डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं, हळूहळू, माणसाला कळत नाही कारण ते रोज थोडंसंच बदलतं. पांढरं पिवळं दिसतं. बाबा मान हलवत ऐकत होते, जसं दुसऱ्या कोणाचं चाललं आहे.
मी विचारलं, "हे किती वर्षांचं असेल? सहा वर्षांपूर्वी असेल का?"
त्या म्हणाल्या, "तसं सांगता येत नाही. असू शकतं. नसूही शकतं."
बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सहाच का, असं त्यांना वाटलं असणार. विचारलं नाही.
यष्टीत म्हणाले, "म्हणजे दुकानातल्या सहाच्या सहा स्क्रीन चांगल्या होत्या."
"हो."
"त्या पोराले कावीळवरून राग आला होता मले."
मग मी लॅबचंही सांगून टाकलं. मारेगाव नावाची सेटिंग. लपवून आता काय उपयोग. ते मारेगाव येईपर्यंत बोटाने खिडकीच्या काचेवरची धूळ पुसत होते, बाहेरून असलेली. उतरताना म्हणाले, "इतके वर्षं थो झाकून राह्यला होता मले. अन् मी लोकायले सांगत होतो, पांढरं पाहाव तं मायंच."
त्यांचं वाईट वाटलं. खरोखर वाटलं.

२ डिसेंबर, मंगळवार
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. आई बाहेर बाकावर बसून सारखी पदराशी खेळत होती. बाबा बाहेर आले ते काळा गॉगल लावून, आई म्हणाली, "हीरो."

४ डिसेंबर, गुरुवार
बाबा घरभर फिरून वस्तू बघताहेत. डावा डोळा झाकायचा, बघायचं. मग उजवा झाकायचा, बघायचं. एका डोळ्याने भिंत पिवळी, दुसऱ्याने पांढरी. कुडती बघितली आणि आईला हाक मारली. "अवं, ही तं निळी हाये!" आई आतून म्हणाली, "नाही बाप्पा, खरंच काय?"
मला हसू आलं. आवाज करून आलं. दोघं माझ्याकडे बघायला लागले, मग मी आत गेले.

६ डिसेंबर, शनिवार
विहारात गेलो. बाबांनी नवीन कुडती घातली, निळीविना. सगळीकडे पांढरे कपडे, मेणबत्त्या. बाबा दारातच थांबले. वर निळा झेंडा होता. डोकं मागे टाकून बघत राहिले, मागची माणसं खोळंबली.
"असा निळा हाये हा?" म्हणाले. मला नाही, कोणालाच नाही. "लहानपणी पाहिला होता असा."
वंदना झाली. येताना चालत आलो. मला आकड्यांची आठवण होती. भिंतीचा किती, गालाचा किती.

९ डिसेंबर, मंगळवार
मार्डीचा अल्बम दुसऱ्यांदा आला, लॅबने सेटिंग काढून छापला. नवरीचा भाऊ खूश. "आता दिसते आमची पोरगी पोरगीसारखी." एक पेढा देऊन गेला, तो बाबांनी मला दिला.
लॅबच्या दादाने बाबांशी फोनवर बोलून घेतलं. बाबा त्याला म्हणाले, "ते मारेगाव मिटवून टाक आता." दोन-तीनदा म्हणाले.
मी आज आकडे तपासणार होते. स्टुडिओत दिवसभर कोणी ना कोणी होतं. खरं म्हणजे नव्हतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
लिहायला जमत नाही, पण लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला वाटेल असं झालंच नाही.
डॉक्टरीण बाईंनी स्क्रीनसमोर थोडा वेळ बसायला हरकत नाही सांगितलं. बाबा सकाळी स्टुडिओत आले आणि खुर्चीत बसले. मी मोडला हात लावला नाही, त्यांनीही लावला नाही. म्हणाले, "जुनं पाहू दे. काय काय घाण करून ठेवली ते तं पाहू." एकेक वर्ष उघडत मागे मागे गेले. लग्नं, वाढदिवस, कोणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाचे फोटो. एका डोळ्याने बघत होते. "निळं. हे बी निळं. अरे बाप्पा." त्यात चीड नव्हती, मोजदाद केल्यासारखं चाललं होतं.
मी शेजारच्या खुर्चीवर पासपोर्ट फोटो कापत होते. कोणतं वर्ष आलं ते मला दिसत होतं. उठून जाता आलं असतं. बंद करा म्हणता आलं असतं. कापत राहिले.
फायनल उघडला. पूर्ण स्क्रीनभर.
बाबा पुढे वाकले. मग मागे झाले. मग म्हणाले, "हे कोणं बिघडवलं?"
मी पुढचा फोटो कापायला घेतला.
"कोणं केलं वो हे? पोरगी पांढरीफटक करून टाकली. हे तू दिसते काय?"
तोंडातून निघून गेलं, "लॅबवाल्यानं केलं असेल."
"लॅबवाला तं पिवळं टाके." मग, "अन् हा तं लॅबले गेलाच नव्हता."
हे ते स्वतःशीच म्हणाले आणि तिथेच थांबले. माउस हातात तसाच. बाहेरून ट्रक गेला, फळीवरच्या काचा वाजल्या. मी कात्री खाली ठेवली. त्यांनी गॉगल काढला, जो काढायचा नाही असं सांगितलंय, आणि माझ्याकडे पाहिलं. डावा डोळा हाताने झाकून पाहिलं. इतक्या जवळून त्यांनी मला लहानपणी ताप आला तेव्हा पाहिलं असेल. मी हलले नाही. खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर होता.
मग स्क्रीनकडे वळून, हळू आवाजात,
"हाच पाठवला होता काय मी त्यायले?"
मी हो म्हटलं.
"काही म्हणत होते काय थे लोकं? याच्यावरून?"
दारात गिऱ्हाईक आलं, आधारकार्डाची झेरॉक्स आहे का म्हणून. बाबा म्हणाले, "नाही. अर्ध्या तासानं या." झेरॉक्स मशीन त्यांच्या मागेच चालू होती.